जुळवाजुळवची नवी आवृत्ती

प्रोग्रॅमचं नाव वहिनीनं ठेवलं. त्यावरून बहीणभावाची चांगली जुंपली होती. दादाला काहीतरी भारदस्त हवं होतं, चिमणीला सोपं. शेवटी चहाचे कप टेबलावर ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ तुमची नुसती जुळवाजुळव चाललेली असते. तेच ठेवा की, कशाला डोकं पिकवताय?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाद तिथंच मिटला.

त्या गोष्टीला वीसहून जास्त वर्षं झाली. चिमणीनं आता पन्नाशी ओलांडली होती, केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि तिला अजूनही चिमणी म्हणणारी जगात दोनच माणसं उरली होती, दादा आणि वहिनी. बाकी सगळ्यांसाठी ती 'जुळवाजुळववाल्या बाई' होती.

दोन संस्था एकत्र आल्या की त्यांच्या याद्याही एकत्र कराव्या लागतात, आणि खरी रडकथा तिथं सुरू होते. एकीकडे आडनाव आधी लिहितात, दुसरीकडे नाव आधी. एकीकडे जन्मतारीख, दुसरीकडे नुसतंच वय. एकच माणूस तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला. जुळवाजुळव हा प्रोग्रॅम हे सगळं सांभाळायचा. कुठली यादी कुठून आली, कुठला रकाना कुठल्या रकान्याला जोडायचा, कोणत्या दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटतात, त्या कुणी तपासल्या, काम कुठवर आलंय. कुणीही तो फुकट घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. लहान दवाखाने, शाळा, वाचनालयं, एक-दोन बंदरं, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो वापरत होती. चिमणी एका मोठ्या ग्रंथालयाच्या कचेरीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शंका निस्तरत बसायची.

तिला कामाला लावलं ते एका सूचनेनं. संगणकाच्या ज्या भाषेत हा प्रोग्रॅम लिहिला होता, तिची जुनी आवृत्ती पुढच्या उन्हाळ्यापासून बंद होणार होती. म्हणजे नव्या संगणकांवर जुळवाजुळव चालणार नाही. एकतर सगळं नव्यानं लिहून काढा, नाहीतर दुकान बंद करा.

आपला भाग तिनं दोन-तीन महिन्यांत नवा करून टाकला. अडलं ते एका फोल्डरपाशी. त्याचं नाव होतं 'दादा'. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हे ठरवणारे नियम त्यात होते. सगळ्या प्रोग्रॅमचं काळीजच म्हणा ना. दादा ते सोडून गेला तेव्हापासून चिमणीनं त्यात हात घातला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे. आता उघडून बघितलं तर तिला घाम फुटला. हे असेल तर ते करू नको, पण तमुक असेल तर कर, पण दुसऱ्या यादीतून आलं असेल तर थांब. का? कशासाठी? एका शब्दाचा खुलासा नाही.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, प्रत्येक जोडी दाखवल्यावर प्रोग्रॅम तीन सेकंद नुसता थांबायचा. काहीही न करता. लोकांची वर्षानुवर्षं तक्रार होती की तुमचं जुळवाजुळव फार सावकाश चालतं, आणि चिमणी वर्षानुवर्षं त्यांना ठणकावून सांगत आली होती की त्यामागं काही कारण असणार, दादा उगाच काही लिहीत नसे.

तिनं दादाला फोन लावला.

"अजून चालू आहे ते?" दादा म्हणाला.

साधाच प्रश्न, पण तो तिला लागला. "चालू आहे म्हणजे? मी चालवतेय म्हणून चालू आहे."

"बरं बरं. ये मग. आत्ता इथं कुणी नसतं."

दादानं हा धंदा सोडून बरीच वर्षं झाली होती. बाबा गेले, त्यांचं चष्म्यांचं दुकान विकलं, आणि वर्षाच्या आत दादा-वहिनी एका तळ्याकाठच्या गावी जाऊन राहिले. तिथं ते भाड्यानं होड्या द्यायचे. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची झुंबड, हिवाळ्यात होड्या पालथ्या घालून रंगरंगोटी. जाताना दादा एवढंच म्हणाला होता, "आता तू सांभाळ." त्यानंतर सणासुदीला फोन, वाढदिवसाला फोन, कधी चार दिवस राहायला जाणं, सगळं व्हायचं. पण जुळवाजुळव कसं आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. चिमणीनं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मनात मात्र ते टोचत राहिलं होतं.

बसमधून जाताना तिला दुकानामागची ती खोली आठवत होती. पुढं बाबा गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" असं विचारत असायचे आणि मागं हे दोघं. भिंगांच्या लाकडी खणांत यांच्या डिस्क. दादा तेव्हा सरकारी दवाखान्यात नोंदणी विभागात होता. गावातले दोन दवाखाने एक झाले, आणि दोन्हीकडच्या रुग्णांच्या याद्यांचा जो काला झाला, त्यातून मार्ग काढायला म्हणून दादानं हे सुरू केलं. चिमणी नुकतीच शिकून आली होती, तिला कामाची खाज. इतरांनाही उपयोग होईल म्हणून फुकट वाटायचं ठरलं, तेव्हा बाबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "फुकट देताय ना, मग नीट द्या. विकत घेतलेल्या वस्तूवरून माणसाला भांडता येतं. फुकटच्यावरून बिचारा कुणाशी भांडणार?"

दादा थांब्यावर न्यायला आला होता. हातावर निळ्या रंगाचे डाग, डोक्यावर लोकरी टोपी. पोट सुटलं होतं. "वाळलीस," तो म्हणाला. "तू नाही वाळलास," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

होड्यांच्या शेडमध्येच त्यांनी बैठक मांडली. दोन पिंपांवर एक फळी, त्यावर लॅपटॉप, बाजूला रंगाचे डबे. दारातून ऊन आत येत होतं. दादानं नाकावर चष्मा ठेवला आणि पहिली फाइल वाचायला घेतली. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"हे कुठल्या गाढवानं लिहिलंय?"

"तू."

"मी शुद्धीत होतो का तेव्हा?"

"तेव्हा तर भारी कॉलर ताठ करून हिंडायचास!"

"मला यातलं काहीएक आठवत नाही, चिमे." त्यानं चष्मा काढला. "खोटं कशाला सांगू? दुसऱ्या कुणाचं वाचल्यासारखं वाटतंय."

चिमणीचा चेहरा पडला. इतक्या लांब येऊन हे. तरी तिनं नेट धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. जन्मतारीख एक, पत्ता एक, आडनाव एक, आईवडील एक, आणि नावात एकाच अक्षराचा फरक. सगळ्या जगानं जोडलं असतं. तू लिहिलंयस, जोडू नको, माणसाला विचार. का?"

दादा बघत राहिला. मग एकदम खो खो हसत सुटला. "जुळ्या! अगं, त्या जुळ्या बहिणी! त्यांच्या आईबापांनी नावं ठेवताना कंजुषी केली होती, एक अक्षर काय ते बदललं. आपण दोघींची मिळून एक बाई केली. आणि त्यातली धाकटी दवाखान्यात उभी राहून मला म्हणाली, 'अहो, तुमच्या यंत्रात माझी बहीण आहे. मी कुठे गेले?'"

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बाई समोर धडधाकट उभी. खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हटलं, बसा, शोधून काढतो तुम्हाला." तो हसायचा थांबला. "थोरलीला एक औषध चालत नव्हतं आणि धाकटीला नेमकं तेच सुरू होतं. वेळेवर लक्षात आलं म्हणून. मी त्या रात्री जेवलो नव्हतो."

मग खिडकी उघडावी तसं झालं. दादाला ओळी आठवत नव्हत्या, माणसं आठवत होती. चिमणी नियम वाचायची आणि तो डोळे मिटून आठवत बसायचा. बापलेकांचं नाव एकच असलं तर वयाचं अंतर बघ, हा नियम एका पोस्टमनमुळं आला होता, ज्याच्या बापाचा दात त्याच्या नावावर उपटला गेला होता. लग्नानंतर आडनाव बदललं तर जुनं खोडू नको, हा नियम एका नर्सनं भांडून करून घेतला होता. कधी दादाचं अडलं तर वहिनी बाहेरून ओरडून सांगायची, कारण त्या काळी घरचा फोन तीच घ्यायची. चिमणी प्रत्येक नियम नव्या भाषेत लिहायची, आणि शेजारी कारणही लिहून ठेवायची. चार दिवस असेच गेले. सकाळी काम, दुपारी वहिनीच्या हातचं गरम सूप आणि पाव, मग पुन्हा काम. दादा मधूनच उठून एखाद्या होडीला रंगाचा हात मारून यायचा. चिमणीला वाटलं, आपण पुन्हा त्या मागच्या खोलीत बसलोय.

राहता राहिला तो तीन सेकंदांचा थांबा. त्याचं कारण काही केल्या दादाला आठवेना.

"जुना संगणक दमत असेल," तो म्हणाला.

"संगणक दमत नाहीत, दादा."

"मग एकदा चालवून बघू. नमुन्याची यादी आहे का ती?"

ती यादी चिमणीनं जपून ठेवली होती. रुग्णांच्या खऱ्या नोंदी घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून तपासणीसाठी त्यांनी आपल्याच नातेवाइकांची यादी केली होती. खऱ्या नावांनी केली असती तर घरात महाभारत झालं असतं, तेव्हा सगळी टोपणनावं. मुद्दाम दोन-दोन तऱ्हांनी लिहिलेली.

जुना प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावर पहिली जोडी आली. डावीकडं 'टकलूकाका', उजवीकडं 'टकलू काका'. आणि प्रोग्रॅम थांबला.

"टकलूकाका," दादा वाचू लागला, जरासा सुरात. "जन्मसाल तेच. पत्ता तोच. एकच माणूस."

पुढची जोडी आली. "मोठी आत्या. थोरली आत्या. जन्मसाल तेच, पत्ता तोच. एकच बाई." पुढची. "गोरी मावशी. गोरीमावशी, पण जन्मसाल वेगळं. अं हं. वय चोरलंय हिनं. तरी एकच."

प्रत्येक जोडी वाचायला दादा बरोब्बर तीन सेकंद घेत होता. त्याचं वाचून व्हायचं आणि पडदा पुढं सरकायचा. दारात भांडं पुसत उभी असलेली वहिनी म्हणाली, "अहो, आवाज अगदी मामंजींसारखा काढलात की!"

दादा वाचायचा थांबला. पडदा आपला चालतच राहिला.

चिमणीला एकाएकी सगळं दिसलं. दुकान बंद केल्यावर बाबा मागच्या खोलीत यायचे, त्या उंच स्टुलावर बसायचे आणि पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचायचे. त्यांना त्यात भारी गंमत वाटायची. हो, एकच. नाही, वेगळे. गावभर चष्मे वाटणाऱ्या बाबांचेच डोळे तेव्हा अधू होत चालले होते. "फार पळवता रे तुम्ही," ते म्हणायचे. "जरा दम धरा, मला वाचू तर द्या." आणि एका संध्याकाळी दादा काही न बोलता वाकला होता आणि त्यानं काहीतरी टाइप केलं होतं.

"बाबांसाठी," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाला. पडद्यावर तेव्हा डावीकडं 'चष्मेवाले' आणि उजवीकडं 'चष्मेवाला' असं आलं होतं. या जोडीपाशी आले की बाबा दर वेळी म्हणायचे, "हा मी. दोनदा आलोय. एकाला घरी पाठवा." ते वाक्य तिघांपैकी कुणीच म्हटलं नाही. तीन सेकंद झाले आणि पुढची जोडी आली.

वहिनीनं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर दादा म्हणाला, "काढून टाक ते."

"काय?"

"तो थांबा. कुठल्या तरी देशातली माणसं वीस वर्षं आपल्या बाबांसाठी ताटकळतायत. त्यांचा काय गुन्हा?"

"तू काढून टाक म्हणतोस?" चिमणीचा पारा चढला. "तुला काही वाटतं की नाही, दादा? इतकी वर्षं मी एकटी हे ओढतेय. तू एकदा, एकदा तरी विचारलंस, कसं चाललंय म्हणून?"

वहिनी उठून जायला निघाली, पण दादानं तिला हातानं थांबवलं.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "विचारलं असतं तर परत आलो असतो, चिमे. मला यायचं नव्हतं. जेवताना फोन, झोपेत फोन, कुठं काही चुकलं की मला वाटायचं, आता कोण दगावलं. बाबा होते तोवर संध्याकाळी ते येऊन हसवायचे. ते गेल्यावर त्या स्टुलाकडं बघवेना मला. मी पळालो म्हण हवं तर. पण इथं येऊन मी सुखात आहे. ते सोडल्याचं मला वाईट नाही वाटलं. तुला सोडल्याचं वाटलं."

चिमणी इतकी वर्षं धरून बसली होती की दादाही मनातून झुरत असेल, कबूल करत नसेल एवढंच. तो झुरत नव्हता. तो होड्या रंगवत होता आणि बरा होता. तिला रडूही आलं आणि जरा हलकंही वाटलं, आणि यातलं कुठलं आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं.

"वन्सं," वहिनी म्हणाली. ती तिला थट्टेनं अशी जुन्या वळणाची हाक मारायची. "यांना तुमच्यापाशी बोलायला इतकी वर्षं लागली. तुमच्या त्या तीन सेकंदांचं काय घेऊन बसलात?"

तिघांनाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी शेडमध्ये आली तेव्हा दादा आधीच फळीपाशी बसला होता आणि शेजारी वहिनीसाठी एक पालथी बादली ठेवली होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण त्यांनी नमुन्याची यादी पुन्हा पहिल्यापासून लावली. या खेपेला तिघंही आळीपाळीनं वाचत होते. टकलूकाका, मोठी आत्या, नाकात बोलणारे मामा, भांडकुदळ काकू. त्यातले निम्मे आता नव्हते. प्रत्येक नावापाशी कुणाला तरी काही आठवायचं आणि तीन सेकंद पुरायचे नाहीत. वहिनीला भांडकुदळ काकूंची नक्कल उत्तम जमायची, ती बघताना दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मेवाल्यांची जोडी आली तेव्हा दादानंच म्हटलं, "हे बाबा. दोनदा आलेत." चिमणी म्हणाली, "राहू दे दोघं."

यादी संपली. मग चिमणीनं नवी फाइल उघडली आणि त्या थांब्याची ओळ न लिहिताच पुढचा नियम लिहायला घेतला. दादा रंगाचा डबा उचलून बाहेर गेला.

नवी आवृत्ती हिवाळा सरता सरता लोकांच्या हाती गेली. पहिला आठवडा धुमाकूळच होता. एका दवाखान्यात तारीख आणि महिना यांची अदलाबदल झाली, एका वाचनालयात पुस्तकांच्या नावांतली निम्मी अक्षरं चौकोन होऊन बसली. चिमणीनं कचेरीतून रजा काढून एकेक निस्तरलं. दोनदा तिला नियमांबद्दल अडलं, दोन्ही वेळा तिनं दादाला फोन केला आणि दोन्ही वेळा त्यानं आधी कुरकुर करून मग नीट उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिनं मुद्दाम केला नाही, स्वतःच सोडवलं.

मग लोकांची पत्रं येऊ लागली. एकानं लिहिलं होतं, या खेपेला चहा गार व्हायच्या आत काम झालं, काय जादू केलीत? कुणा शाळामास्तरीणबाईंनी लिहिलं की नियमांशेजारी लिहिलेली कारणं त्यांनी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचून काढली, आणि त्या भागाची देखभाल करायला त्या आनंदानं तयार आहेत. चिमणीनं दोन दिवस विचार केला. आपलं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर द्यावं तसं झालं तिला. पण त्या बाईंनी जुळ्यांच्या नियमातली एक बारीक चूक शोधून दाखवली होती, तीही फार अदबीनं. चिमणीनं त्यांना होकार कळवला.

त्या रविवारी तिनं कपाट आवरलं, दुपारी जरा पडली, आणि उठून पत्रं बघायला बसली. एक पत्र समुद्राकाठच्या छोट्याशा संग्रहालयातून आलं होतं. तिथं दोन जुन्या शौकिनांनी जमवलेले शंख-शिंपले एकत्र करायचे होते. दोघांनी आपापल्या मर्जीनं नावं दिली होती, आणि संग्रहालयातल्या बाई विचारत होत्या, 'शिंपल्यांना ना जन्मतारीख ना पत्ता, मग आम्ही जुळवायचं तरी कसं?'

चिमणी स्वतःशीच हसली. असं कुणी आजवर विचारलं नव्हतं. तिनं चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि उत्तर लिहायला घेतलं. 'आधी मला सांगा, तुमच्याकडं त्यांना काय काय म्हणतात?'